चर्चमधला जुना ऑर्गन : वाचकांचे प्रश्न

या सदरात एरवी भजनी मंडळांच्या पेट्यांबद्दल पत्रं येतात. या महिन्यात मात्र चार पत्रं ऑर्गनची आली, त्यातली दोन सोलापुरातल्या एकाच चर्चमधून. विषय घाईचा आहे, कारण एक वाद्य विकायला निघालं आहे. म्हणून पेट्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एक. आमच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या बाजूला एक जुना पाइप ऑर्गन आहे. वर सोनेरी नळ्यांची रांग, खाली पायाने मारायचे दोन पाटे. अमेरिकन मिशनच्या लोकांनी आणला, असं आजोबा सांगायचे. तीस वर्षं तो बंद आहे. आता जुन्या फर्निचरचा एक व्यापारी तो मागतो आहे. काही जण म्हणतात, सांगाडा ठेवावा आणि आत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बसवावा. नाताळच्या आधी निर्णय घ्यायचा आहे. दुरुस्त होईल का? — एक पंच, सोलापूर

उत्तर : सलाम. तुमचं पत्र वाचून मला राहवलं नाही. त्याच शनिवारी दुपारी मी हत्यारांची पिशवी घेऊन तुमच्या चर्चमध्ये येऊन गेलो. तुम्ही गावाला होता, पाळकांनी दार उघडून दिलं.

आधी एक गैरसमज दूर करतो, तो तुमच्याच फायद्याचा आहे. तुमचा ऑर्गन पाइप ऑर्गन नाही. त्या सोनेरी नळ्या शोभेच्या आहेत. खऱ्या नळीला खालच्या अंगाला बासरीसारखं तोंड असतं, त्यातून वारा फुटतो. तुमच्या नळ्यांना तोंड नुसतं रंगवलेलं आहे आणि त्यांच्याखाली वाऱ्याची वाटच नाही. अमेरिकेतले कारखाने छोट्या चर्चसाठी असे ऑर्गन मुद्दाम करायचे. रूप पाइप ऑर्गनचं आणि आत सूर पेटीसारखे, पितळी जिभांचे. आपल्याकडे याला पायपेटी म्हणतात. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने एकटीने असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन केले. बोस्टनच्या मेसन अँड हॅम्लिनचंही मोठं नाव होतं. मिशनऱ्यांबरोबर ते जगभर गेले. अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत १८१३ला उतरले, अहमदनगरला १८३१ला गेले आणि पुढे सोलापुरात आले. आजोबा सांगायचे ते खरं असायला काहीच हरकत नाही. आतल्या लाकडावर अनुक्रमांक ठोकलेला आहे, त्यावरून साल काढता येतं. तो मी उतरवून घेतला आहे.

आता आत काय दिसलं ते सांगतो. मागची फळी काढली तर खालच्या खणात उंदराचं घर. शेंगांची टरफलं, ज्वारीचा कोंडा, कुरतडलेलं लाल फेल्ट आणि 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतांच्या पुस्तकाच्या पानांचे कपटे. पाट्यांवरून गेलेले पट्टे तुटलेले. भात्याचं रबरी कापड बोटाने दाबलं की जुन्या पापडासारखं मोडतं. सुरांच्या काही खोबणीत कुंभारमाशीने मातीची घरं केली आहेत. पाहणाऱ्याला वाटेल, संपलं सगळं.

पण सूर बघा. पट्ट्या ६१ आणि सुरांच्या ओळी दोन, म्हणजे सूर १२२. मी सगळे मोजले. तीन नाहीत, बाकी ११९ जागेवर आहेत. आकडीने एक बाहेर ओढला. वर हिरवट थर होता, तो रुमालाने पुसला आणि सूर ओठांशी धरून श्वास आत ओढला. तो बोलला. तीस वर्षं मुका राहिलेला सूर पहिल्या श्वासाला बोलला, आणि असा स्वच्छ, गोल, की पाळकांनी वळून पाहिलं. असे सहा काढून पाहिले. सहाही बोलले. ज्या वाद्याचे सूर जिवंत आहेत ते वाद्य जिवंत आहे. बाकी सगळं कापड, चामडं आणि लाकूड, ते नवं करता येतं.

श्वास आत ओढला, असं मुद्दाम लिहिलं. आपल्या हातपेटीचा भाता वारा बाहेर ढकलतो. हा ऑर्गन उलट चालतो, पायाने भात्यातला वारा उपसला जातो आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा आवाज मऊ लागतो. आणि त्यामुळेच हवेतली धूळ, कापसाचे तंतू, किड्याचा एखादा पाय, सगळं आधी सुराच्या फटीत जाऊन बसतं. मागे कोणी म्हणालं असेल, "निम्मे सूर मेलेत." ते मेलेले नाहीत, त्यांच्या घशात कचरा आहे.

दुरुस्तीबद्दल माझं एकच सांगणं आहे, तिथे मी कोणाचं ऐकणार नाही : जे परत उलटं फिरवता येत नाही ते करायचं नाही. सांगाडा ठेवून आत कीबोर्ड बसवायचा म्हणजे सूर, झडपा, भाता, सगळं काढून टाकायचं. उद्या तो कीबोर्ड बिघडला की हाती नुसतं कपाट उरेल. विकलात तरी तेच. व्यापारी ऑर्गन म्हणून विकत घेत नाही, जुनं लाकूड आणि कोरीव काम म्हणून घेतो.

भाता उघडून नवं रबरी कापड लावावं लागेल. जुन्या कापडाचे तुकडे फेकू नका, मापं त्यांच्यावरूनच घ्यायची आहेत. चिकटवायला जुन्या पद्धतीचा गरम सरसच हवा. बाजारातला पांढरा गोंद पटकन धरतो खरा, पण पन्नास वर्षांनी जो कारागीर हा भाता उघडेल त्याला लाकूड फोडूनच उघडावा लागेल. सरस कोमट ओलाव्याने सुटतो. तुमच्या ऑर्गनला आधी कोणीतरी हात लावला आहे आणि तो माणूस शहाणा होता. भात्याच्या आतल्या फळीवर पेन्सिलने मराठीत लिहिलं आहे, "भाता नवा केला. नाताळच्या आधी." नाव नाही, साल नाही. पण त्याने सरस वापरला म्हणून ती फळी आजही धड आहे. तो मजकूर पुसू देऊ नका. त्याच्याखाली आपण आपली तारीख लिहू.

सुरांना कानस लावायची नाही. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. वडील जुन्या गिरणीत सुतारखात्यात होते आणि पाळी संपली की घरी पेट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या माघारी एका भजनी मंडळाची जर्मन सुरांची पेटी माझ्याकडे आली. मंडळाला काळी चार दुसऱ्या पेटीशी जुळवून हवी होती. सुराच्या जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं मला ठाऊक होतं. मी मुळाशी घासत गेलो. सूर जुळला. दोन महिन्यांत ती जीभ मुळातून तुटली. घासलेलं पितळ परत येत नाही, आणि तसा सूर मला पुन्हा मिळाला नाही. ती पेटी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बुवांचा चेहरा आजही डोळ्यांपुढे येतो.

तुमच्याकडे हा मोह होणारच, कारण ऑर्गन वाजायला लागला की कोणीतरी म्हणेल, हा आमच्या कीबोर्डला जुळत नाही. जुळणार नाही. आज सगळी वाद्यं ज्याला जुळवतात तो सेकंदाला ४४० कंपनांचा सूर १९३९च्या लंडनच्या बैठकीत ठरला. त्याआधीचे पुष्कळ ऑर्गन त्याहून चढे आहेत. त्याला त्याच्या पट्टीत राहू द्या. मंडळीच्या गळ्याला ४४०शी काही देणंघेणं नाही, ऑर्गन जो सूर देईल तो ती घेते. त्या दिवशी कीबोर्ड बंद ठेवा, झालं.

हरवलेले तीन सूर जुन्या मोडक्या ऑर्गनमधून मिळवायचा मी प्रयत्न करतो. नाही मिळाले तर त्या जागा रिकाम्या ठेवू. तीन सूर नसलेला खरा ऑर्गन मला चालेल.

जागेबद्दल. सध्या तो पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभा आहे आणि समोर खिडकीत कूलर आहे. सोलापूरच्या मे महिन्यात ती भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते, आणि कूलर सुरू केला की ओली हवा थेट लाकडावर येते. आठवडाभर कोरडं, रविवारी दोन तास ओलं. लाकूड याच येरझाऱ्यांनी फाटतं, नुसत्या उन्हाने नाही. भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि कूलरच्या झोतातून बाजूला करा. झाकायला प्लास्टिक नको, जुनी सोलापुरी चादर उत्तम. वारा लागतो आणि धूळ अडते. वाळवीचं औषध खालच्या चौकटीला, सुरांच्या जवळपास नाही.

मजुरीचं आपण समोरासमोर बोलू. सामानाला फार लागत नाही, वेळ लागतो. नाताळ गाठता येईल, पण मला घाई करायला लावू नका.

प्रश्न : नाटकात बालगंधर्वांच्या साथीला असायचा तो ऑर्गन आणि चर्चमधला ऑर्गन एकच का? आमच्या घरी या गोष्टीवरून वाद झाला. — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : वाद मिटवा, जात एकच. पायाने हवा उपसायची, पितळी सूर, पुढे आवाजाची जात बदलायला ओढायच्या खुंट्या. जो ऑर्गन चर्चमध्ये गेला तोच नाटक मंडळ्यांनी घेतला. आधी संगीत नाटकाच्या साथीला हातपेटी असे. १९११च्या 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः हार्मोनियमचे मोठे वादक होते. पण ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा, आणि तोही गायकाच्या अंगावर न येता, याला ऑर्गनचा भरीव, लांबणारा आवाज बरोबर लागू पडला. पायाने भाता चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. डावा हात खर्ज धरून ठेवतो, उजवा गाण्याच्या मागे जातो. गुडघ्याने सरकवायची एक पट्टी असते, तिने आवाज लहानमोठा होतो. गायक तान संपवून श्वास घेतो तेवढ्यात साथीदार गुडघ्याने सूर वाढवून जागा भरून काढतो. ही कला बघायला मिळाली तर बघा.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणलं. म्हणजे एकीकडे अमेरिकन ऑर्गनवर अभंगाची चाल वाजत होती आणि दुसरीकडे त्याच जातीच्या ऑर्गनवर नाट्यपद. हे वाद्य परकं होतं, पण मराठी कानाने त्याला दोन्हीकडे आपलं करून घेतलं. आकाशवाणीने १९४०ला हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१पर्यंत चालली, तरी पेटी घरातून आणि देवळातून हलली नाही.

प्रश्न : मग खरा पाइप ऑर्गन असतो कसा? आपल्याकडे कुठे आहे? आणि परदेशात त्यांचं जतन करतात म्हणजे नेमकं काय करतात? — एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : बासरी घे. आता हजार बासऱ्या कल्पनेत आण, प्रत्येकीला एकच सूर, छोट्या करंगळीएवढ्या आणि मोठ्या छताला लागतील एवढ्या. त्या सगळ्या एका वाऱ्याच्या पेटीवर उभ्या करायच्या. पट्टी दाबली की तेवढ्याच बासरीखालची झडप उघडते. हा पाइप ऑर्गन. बहुतेक नळ्या कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाच्या असतात, काही लाकडाच्या. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये तुला बघायला मिळेल. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ चित्रात पाहिला असशील, इंग्रज शिपायावर बसलेला. त्याच्या पोटातही असाच १८ कळांचा छोटा ऑर्गन आहे. १७९९ला श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला, आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

जतनाचं म्हणशील तर दोन उदाहरणं देतो. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ला आग लागली. तिथल्या मोठ्या ऑर्गनला सुमारे ८,००० नळ्या. ज्वाळा त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत, पण छताचं शिसं जळून त्याची धूळ सगळीकडे बसली. मग तो ऑर्गन सुटा केला, साफ केला, परत उभा केला. ७ डिसेंबर २०२४ला तो पुन्हा वाजला.

माझं मन मात्र दुसऱ्यात जास्त रमतं. फिलिपीन्समध्ये लास पिन्यास गावच्या चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे. दिएगो सेरा नावाचा स्पॅनिश धर्मगुरू तिथे होता. त्याने १८१६ला बांबू जमवायला सुरुवात केली आणि ऑर्गन १८२४ला पुरा झाला. कीड लागू नये म्हणून बांबू समुद्राच्या वाळूत पुरून ठेवले होते, असं सांगतात. एकूण १,०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. पुढे भूकंप झाले, वादळं झाली, ऑर्गन मुका झाला. शेवटी १९७३ला तो जर्मनीत बॉनच्या क्लाइस कारखान्यात पाठवला. जर्मनीच्या थंड कोरड्या हवेत बांबू तडकला असता. म्हणून तिथे एक खोली केली आणि तिच्यात फिलिपीन्ससारखी उबदार, दमट हवा ठेवली. त्या हवेत बांबू दुरुस्त झाला. १९७५ला ऑर्गन गावी परत आला आणि आजही वाजतो. वाद्याला हवेसकट सांभाळलं, हे मला फार मोठं वाटतं. मी वरच्या उत्तरात कूलरबद्दल एवढं का लिहिलं ते आता तुझ्या लक्षात येईल.

आणखी एक हिशेब तुझ्यासाठी, विज्ञानाचा विद्यार्थी असलास तर आवडेल. नळीतली हवा तापली की नाद जास्त वेगाने धावतो आणि सूर चढतो. बासरीवाल्यांना हे माहीत आहे, थंडीत ते बासरी आधी फुंकून गरम करतात. २० अंशाला लावलेला पाइप ऑर्गन ४० अंशाला वाजवला तर सगळ्या नळ्यांचा सूर अर्ध्या पट्टीहून थोडा जास्त चढेल, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधोमधच्याही पुढे. पितळी जीभ उष्णतेने उलट किंचित उतरते, पण कानाला कळेल न कळेल एवढीच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत लावलेली पेटी मे महिन्यातही सुरात असते ती यामुळे. सोलापूरच्या उन्हात पितळी सुरांचा ऑर्गन आणणाऱ्यांनी, कळत असो वा नकळत, योग्य वाद्य आणलं.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलला पेटी वाजवते. आमचा ऑर्गन दुरुस्त होणार असं पाळकसाहेब म्हणाले. मला तो वाजवता येईल का? मोठे म्हणतात, त्याला वेगळं शिक्षण लागतं. — सोलापूर

उत्तर : येईल, बाळ. तुला पेटी येते म्हणजे बोटांचं काम झालेलं आहे. नवीन आहे ते पायांचं. हातपेटीत तू भाता थोडा थांबवतेस, मग मारतेस. इथे तसं करू नकोस. उजवा पाय खाली जात असताना डावा वर यायला हवा, सायकलसारखं पण सावकाश. पाय घाईत मारलेस तर सूर कापतो आणि पाटेही लवकर झिजतात. भाता धड आहे का ते बघायचं तर एकही पट्टी न दाबता तो भर, पाय काढून घे आणि मनात आकडे मोज. चांगल्या भात्यात तीस-चाळीसपर्यंत हवा टिकते. वाजवताना मात्र ती लवकर संपते, म्हणून पाय थांबवू नकोस.

पहिला महिना खुंट्यांची एकच जोडी ओढ, डावीकडची आणि उजवीकडची सारख्या नावाची. एक खुंटी अशी असेल जिच्यावर 'वॉक्स ह्युमाना' लिहिलं आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ माणसाचा आवाज. ती ओढली की आत एक पुठ्ठ्याचा पंखा हवेने फिरतो आणि सूर हलायला लागतो. तुमच्या ऑर्गनचा तो पंखा शाबूत आहे, मी फिरवून पाहिला. ती खुंटी सगळ्यात शेवटी शिक, नाहीतर सगळी गाणी तिच्यावरच वाजवाविशी वाटतील.

आणि डावा हात रिकामा ठेवू नकोस. पेटीवर तो भात्याला लागतो, म्हणून आपल्याकडच्या मुलांना त्याची सवयच नसते. सुरुवातीला त्याने नुसता सा धरून ठेव, गाणं उजव्या हाताने. तेवढ्यानेच चर्च भरून जाईल.

येत्या शनिवारी दुपारी तीनला मी भात्याचं कापड घेऊन येतो आहे. सरस गरम असतो तेवढ्यातच कापड चढवावं लागतं, आणि ते चारी बाजूंनी ताणून धरायला माझे दोन हात पुरत नाहीत. जुने कपडे घालून ये. पाळकसाहेबांना आणि आईला सांगून ये.